वाटेकरी

२०१७ सालच्या ३१ मे रोजी आमच्या सांगलीच्या ज्येष्ठ नागरिक संघानं माझा जाहीर सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. आयुष्यातला माझा हा पहिलाच सत्कार. अडतीस वर्षं मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, त्याबद्दल कुणी मला सुपारीचं खांडसुद्धा दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी स्टाफरूममध्ये भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं होतं, तेही आठवड्याभरात निवृत्त झालं. हा सत्कार मात्र मी काही केल्याबद्दल नव्हता, करायचं थांबवल्याबद्दल होता. त्या दिवशी जागतिक तंबाखूविरोधी दिन होता, आणि चव्वेचाळीस वर्षं ओढलेली सिगारेट मी नऊ महिन्यांपूर्वी सोडली होती.

अध्यक्षांनी भाषणात माझी तुलना भीष्माशी केली. भीष्मानं लग्न सोडलं होतं, सिगारेट नव्हे. पण टाळ्या पडल्या. मीही मान खाली घालून, सत्कारमूर्तीनं दिसावं तितका विनम्र दिसलो.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी आमचे शेजारी आबा जवळ आले. एस.टी.त हिशेबनीस म्हणून नोकरी झालेला हा माणूस. जमाखर्चाची वही मिटली तरी डोक्यातली मिटलेली नाही. म्हणाले, "प्रोफेसर, एक शंका आहे. मी जन्मात विडीकाडीला हात लावला नाही. मला नारळ कधी?"

मी हसलो. आबाही हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. आबांची शंका तर्कशास्त्रदृष्ट्या बिनतोड होती. सत्काराला पात्र व्हायचं तर आधी चव्वेचाळीस वर्षं ओढायला हवी. ज्यानं ओढलीच नाही त्यानं टाळ्या वाजवायच्या. उद्या एखाद्या चोरानं चोरी सोडली, तर शाल त्याच्या खांद्यावर पडेल आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो सतरंज्या उचलेल. मग वाईट गोष्ट सोडणं हे पुण्य म्हणायचं, की नुसतं पाप थांबवणं? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला हवी.

मी पहिली सिगारेट ओढली ती १९७२ साली, पुण्यात, कॉलेजच्या वसतिगृहात. महाराष्ट्रात दुष्काळ होता, लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, आणि माझ्या खोलीत 'जीवनाला अर्थ आहे काय' ह्यावर चर्चा चालली होती. अशी चर्चा सिगारेटीशिवाय करता येत नाही, अशी त्या वेळी आमची समजूत होती. जीवनाचा अर्थ काही सापडला नाही. सिगारेट मात्र सापडली.

पुढं ती चव्वेचाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली. रोज दहा धरल्या, आणि लीप वर्षांचे अकरा जादा दिवस माफ केले, तरी एक लाख साठ हजार सहाशे होतात. एका सिगारेटीची लांबी सात सेंटिमीटर धरा. टोकाला टोक लावलं तर अकरा किलोमीटरांवर जातं. सांगलीहून निघालेला माणूस मिरजेच्या दवाखान्यात पोचतो. हा हिशेब अर्थात आबांनी केला. माझा मिरजेचा रस्ता मी स्वतःच आखत होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं हे म्हणणं मात्र खरं नाही. उलट, ह्या विषयात माझ्याइतकं ठाऊक असलेला माणूस आमच्या पेठेत नव्हता. तर्कशास्त्राच्या अभ्यासक्रमात जॉन स्टुअर्ट मिल आहे. एखाद्या गोष्टीचं कारण कसं शोधावं, ह्याच्या पद्धती त्यानं १८४३ साली लिहून ठेवल्या. त्यातली एक अशी, की एक गोष्ट वाढेल तशी दुसरी वाढत असेल, तर त्या दोहोंत काहीतरी नातं आहे असं समजावं. ह्याला उदाहरण मी कुठलं देत असेन? सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर! डॉल आणि हिल ह्या इंग्रज संशोधकांनी १९५० साली हे नातं दाखवलं, आणि स्वतः ओढणाऱ्या डॉलनं आपल्याच आकड्यांना भिऊन सिगारेट सोडली, हे मी दर वर्षी रंगवून सांगायचो. तास संपला की हातावरची खडूची भुकटी झटकायची आणि कॅन्टीनच्या मागं जाऊन एक पेटवायची. म्हणजे, डॉलला कळलं आणि वळलं. मला डॉल कळला, पण वळलं काहीच नाही.

सॉक्रेटिसाचं म्हणणं असं, की ज्याला खरोखर कळलं तो चुकीचं वागणारच नाही. वागला, तर त्याला कळलंच नव्हतं म्हणायचं. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. कळूनसवरून उलट वागणारी माणसं त्यानं आजूबाजूला पाहिली होती, आणि त्यांचं काय करायचं ह्याचा त्यानं पुष्कळ खल केला. आपल्याकडे मात्र कुठलीही आजी हा सगळा वाद चार शब्दांत संपवते: कळतं पण वळत नाही. वळत का नाही, हे आजी सांगत नाही. ॲरिस्टॉटल सांगतो, पण ते वाचायला बसलं की सिगारेट लागते.

शिवाय, माझ्याकडे मिलचंच दुसरं पुस्तक होतं. १८५९ साली त्यानं स्वातंत्र्यावर लिहिलं. माणसाच्या वागण्यानं दुसऱ्याला इजा होत नसेल, तर त्याच्या देहाचा आणि मनाचा तोच राजा, असा त्याचा मथितार्थ. हे पुस्तक मला फार आवडायचं. कुणी सिगारेट सोडा म्हटलं, की मी मिल पुढं करायचो. देह माझा, पैसे माझे, धूर माझा. तुमचं काय जातं?

मध्यंतरी मी सोडायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. गुढीपाडव्याला सोडली, एक जानेवारीला सोडली, वाढदिवसाला सोडली. खिशात लवंगा, वेलची, बडीशेप बाळगून हिंडलो, तर विद्यार्थी मला 'मसालेवाले' म्हणू लागले. १९८२ साली मुलगी झाली तेव्हा मात्र निश्चय जबर होता. अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी बारसं. पेढे खायला मित्र जमले, एकानं पाकीट पुढं केलं, आणि मुलीच्या बारशाला माझ्या निश्चयाचं बारावं उरकलं.

मग खोटं सुरू झालं. "वाण्याकडे जाऊन येतो", "जरा पाय मोकळे करतो", "पोस्टात काम आहे", असं रविवारीसुद्धा. पाकीट विकत घ्यायचं नाही, टपरीवर सुटी घ्यायची, म्हणजे 'मी पाकीट सोडलं' असं म्हणता येतं. टपरीच्या खांबाला सुंभ टांगलेला असायचा, त्याच्या जळत्या टोकावर सिगारेट पेटवायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण ज्यानं केली तो नक्की टपरीवर उभा असणार. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये सांगितलंय, की लहानपणी ते काकांची थोटकं ओढायचे, आणि पुढं विडीसाठी नोकराच्या खिशातले पैसे चोरायला लागले. धुराच्या मागोमाग खोटेपणा येतो हे त्यांना पोरवयात उमगलं. आम्हाला साठी ओलांडावी लागली.

सरकारनंही आपल्या परीनं प्रयत्न केले. १९७५च्या कायद्यानं पाकिटावर वैधानिक इशारा आला. लग्नपत्रिकेवरचं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' जितक्या गांभीर्यानं वाचतात तितक्याच गांभीर्यानं मी तो वाचला. २००९ साली चित्रं आली. २०१६च्या एप्रिलपासून ती पाकिटाच्या पंच्याऐंशी टक्के भागावर पसरली. बघवेनात. मग मी एक स्टीलची डबी आणली आणि सिगारेटी तिच्यात भरायला लागलो. चित्र दिसत नाही म्हणजे रोगही होत नाही, असा हा न्याय. एखाद्या विद्यार्थ्यानं पेपरात तो लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं.

ह्या सगळ्यात बायको काय म्हणाली, असं तुम्ही विचाराल. काही नाही. १९७९ साली लग्न झालं. पहिल्या दिवसापासून मी सिगारेट पेटवली की ती उठायची आणि खिडकी उघडायची. एवढंच. सदतीस वर्षं मी समजत होतो, की हिला वारा आवडतो.

२०१६च्या आषाढात तिला खोकला लागला, तो श्रावण आला तरी जाईना. काढे झाले, हळद-दूध झालं, शेवटी मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो काढला, एका नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. ही फुंकायला लागली, पण नळीत वारा जाईना. मग त्यांनी प्रश्न विचारले.

"घरात चूल होती का?"

"माहेरी होती. लग्नानंतर गॅस."

"घरात कुणी ओढतं का?"

"नाही हो."

इतक्या चटकन म्हणाली, की पाठ केलेलं उत्तर वाटावं. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. सदऱ्याच्या खिशात स्टीलची डबी होती. समोरच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावरच्या सगळ्या एकादश्या मी वाचून काढल्या. डॉक्टर म्हणाले, श्वासनळ्या आत सुजून अरुंद झाल्यात, हे आजचं दुखणं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. पंप लिहून दिला, रोज दोनदा ओढायचा. बाकी काही वाईट निघालं नाही, हे नशीब.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "काय गं, खोटं का बोललीस?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "डॉक्टर तुम्हाला माझ्यादेखत बोलले असते. मला नसतं बघवलं." विश्रामबाग मागं पडल्यावर पुन्हा म्हणाली, "आणि तुम्ही होतातच की तिथं. सांगायचं असतं तर तोंड होतं तुम्हाला."

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. नारदानं त्याला विचारलं, ही पापं तू ज्यांच्यासाठी करतोस ते त्यात वाटा घेतील का? वाल्या घरी जाऊन विचारून आला. बायकोनं साफ सांगितलं, पाप तुमचं, तुमचं तुम्ही निस्तरा. ते ऐकून त्याचे डोळे उघडले आणि पुढं वाल्मीकी झाला. त्या बसमध्ये माझ्या ध्यानात आलं, की वाल्या माझ्यापेक्षा सज्जन होता. त्यानं निदान विचारलं तरी! मी सदतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि हिच्या छातीत तिचा वाटा रोजच्या रोज, बिनचूक जमा होत गेला. आणि जेव्हा नाही म्हणायची वेळ आली, तेव्हा हिनं आपण होऊन आणखी एक वाटा उचलला, खोटं बोलण्याचा.

आणि मिल? 'दुसऱ्याला इजा होत नसेल तर' ही त्याची अट मी आयुष्यभर वाचली होती, पण त्यातला 'दुसरा' माझ्याच घरात खिडकी उघडत होता. वास्तविक हेही मला ठाऊक होतं. १९८१ साली जपानच्या हिरायामांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः न ओढणाऱ्या, चाळिशीपुढच्या ९१,५४० बायकांची चौदा वर्षं पाहणी केलेली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त. मिलच्या पद्धतीला ह्याहून चांगलं उदाहरण कुठलं? मी ते वर्गात फळ्यावर मांडत असे. ह्या बायका जपानी होत्या म्हणून असेल, त्यांच्यात मला ओळखीचं कुणी दिसलं नाही.

माझे मामा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जात असे. वखारीत बायका तोंडाला पदर गुंडाळून तंबाखू चाळत बसायच्या. आत पाऊल टाकलं की मला शिंकांवर शिंका यायच्या आणि त्या हसायच्या. "ह्यांना त्रास होत नाही का हो, मामा?" असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "सवय झालीय त्यांना." आठ वर्षांच्या पोराला जो प्रश्न पडला, तो प्रोफेसर झाल्यावर पडायचा थांबला, ह्याला शिक्षण म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मिरजेला गेलो. नंबर लावला, पुन्हा फी भरली, आणि आत जाऊन म्हणालो, "डॉक्टर, काल एक सांगायचं राहिलं. घरात ओढतं. मी."

डॉक्टरांनी हिचा कागद काढून त्यावर एक ओळ लिहिली. म्हणाले, "डबी दिसत होती खिशात. औषध त्यांनाच द्यायचं, की तुमचंही सुरू करायचं?"

लोक विचारतात, सोडताना फार त्रास झाला असेल ना? झाला. निकोटीन झुरक्यासरशी काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि दोनएक तासांत रक्तात निम्मंच उरतं, मग सावकाराच्या माणसासारखं दारात येऊन बसतं. सिगारेट ओढल्यावर मला जे 'शांत' वाटायचं, ते तो माणूस हप्ता घेऊन तात्पुरता गेल्याचं सुख होतं. पहिले तीन दिवस मी आकाशवाणीच्या निवेदकाशीसुद्धा भांडलो. उजव्या हाताला काय काम द्यावं कळेना, म्हणून घरातल्या सगळ्या शेंगा सोलून टाकल्या. महिनाभर हे चाललं. पण खरं सांगू? त्या दोन वाक्यांपुढं ते काहीच नव्हतं. 'घरात ओढतं. मी.' एवढं म्हणायला मला चव्वेचाळीस वर्षं आणि तीनशे रुपये लागले. ते एकदा तोंडातून गेल्यावर सिगारेटीचा निम्मा आधार गेला, कारण ती धुरापेक्षा खोट्यावर जास्त जगत होती.

मग एक दिवस मला वास यायला लागले. शेजारच्यांच्या आमटीतल्या हिंगाचा, पावसाचा, उदबत्तीचा. मी लहान पोरासारखा घरभर हुंगत फिरलो. हिचं कपाट उघडलं, लग्नातला शालू काढला आणि नाकाशी नेला. डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली शिळा तंबाखू होता. सदतीस वर्षं ही बाई लग्नामुंजीत हा वास अंगावर घेऊन मिरवली. लोकांना वाटलं असेल, ही ओढते!

म्हणून म्हणतो, आबांची शंका रास्त होती. कर्ज काढायचं थांबवणं म्हणजे कर्ज फेडणं नव्हे. नवं कर्ज काढत नाही म्हणून कुठली बँक खातेदाराला शाल देते? सिगारेट सोडली हे चांगलंच झालं, ज्यानं त्यानं सोडावी, आजच सोडावी. माझं हृदय म्हणे वर्षभरात बरंच सावरलं. पण ते माझं हृदय. हिच्या श्वासनळ्यांना माझ्या निश्चयाची वार्ता उशिरा पोचली. खोकला कमी आहे, गेलेला नाही. पहाटे येतो. मी जागा असतो.

सत्काराच्या नारळाच्या हिनं दुसऱ्या दिवशी वड्या केल्या. आबांना बोलावलं. माझ्या बशीत एक वडी, आबांच्या बशीत दोन. मी बघतोय असं पाहून म्हणाली, "त्यांचा सत्कार राहिला होता." आबांनी दोन्ही खाल्ल्या आणि हिशेब जुळल्यासारखा चेहरा केला.

ते गेल्यावर मी नेहमीच्या खुर्चीत येऊन बसलो. ही आतून आली, आणि जाता जाता तिनं खिडकी उघडली.

"अगं, आता कुठं धूर आहे?"

ती क्षणभर थबकली. "अगं बाई, खरंच की," म्हणाली, "सवय झालीय."

माझी सुटली. तिची अजून सुटलेली नाही.